भाड्याच्या घरातील दीर्घकालीन गुंतवणूक: खडवली परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची मांडणी

घर विकत घेऊन ते भाड्याने देणे आणि अनेक वर्षे त्या भाड्यावर उत्पन्न मिळवणे हा मराठी मध्यमवर्गाला सुरक्षित वाटणारा मार्ग आहे. निवृत्तीच्या वेळी हाती येणारी रक्कम, गावाकडच्या जमिनीच्या वाटणीतून मिळालेला पैसा किंवा पती-पत्नी दोघांच्या पगारातून साठलेली बचत यांपैकी काहीही हाताशी असले, की पहिला विचार घराचाच होतो. मुंबई व ठाणे येथील किमती आवाक्याबाहेर गेल्यानंतर हा विचार रेल्वेमार्गाच्या कडेने बाहेर सरकत कल्याण, टिटवाळा आणि आता खडवली, वासिंद, आसनगाव असा पुढे गेला आहे.

खडवली हे भातसा नदीच्या काठचे कल्याण तालुक्यातील गाव असून मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे ७० किलोमीटर अंतरावर आहे. रेल्वे कल्याणपर्यंत १८५४ मध्ये आणि वासिंदपर्यंत १८५५ मध्ये पोहोचली, म्हणजे हा पट्टा देशातील सर्वांत जुन्या रेल्वेमार्गांपैकी एकावर आहे. तरीही खडवली कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहिली आणि तिचा कारभार ग्रामपंचायतीकडेच आहे. महानगराशी जोडलेले पण महानगराच्या व्यवस्थेत न आलेले हे ठिकाण असल्यामुळे भाड्याच्या गुंतवणुकीतील जवळपास प्रत्येक प्रश्न येथे ठळकपणे पुढे येतो. या लेखात ते प्रश्न क्रमाने तपासले आहेत.

भाडे नियंत्रणाचा वारसा

महाराष्ट्रातील घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील परस्पर अविश्वास समजून घ्यायचा तर मुंबईचा इतिहास पाहावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहत होती आणि चाळ बांधून ती भाड्याने देणे हा भांडवल गुंतवण्याचा प्रतिष्ठित मार्ग होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेले कमाल भाडे, मुख्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत लाखो कुटुंबांना या कायद्याने आसरा दिला हे निर्विवाद आहे. मात्र तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था दशकानुदशके चालू राहिल्याने भाड्यातून इमारतीची डागडुजीही निघेनाशी झाली, भाड्यासाठी नवी घरे बांधणे जवळपास थांबले आणि पागडीची, म्हणजे भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी एकरकमी पैसे घेण्याची, प्रथा रूढ झाली. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, तो याच साखळीचा परिणाम होता.

भाडेकरूचे संरक्षण टाळण्यासाठी घरमालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचा आधार घेतला. या करारात घरात राहण्याची केवळ परवानगी दिली जाते, घरावर कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. तो पट्ट्याहून, म्हणजे मालमत्तेतील हक्क ठरावीक मुदतीसाठी देणाऱ्या व्यवहाराहून, वेगळा असतो. परंतु १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि परवानगीवर दिलेली असंख्य घरे मालकांच्या हातून कायमची गेली. घर कुलूपबंद ठेवणे परवडले, पण भाड्याने देणे नको, ही भावना त्या घटनेतून अनेक कुटुंबांत उतरली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, त्यामागील अनेक कारणांत या भीतीचाही वाटा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तयार होऊन ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले, भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली आणि परवानगीवर दिलेल्या निवासी जागेचा ताबा मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर परत मिळवण्याची सोय केली. आजच्या भाडे-बाजाराचा पाया या शेवटच्या तरतुदीवर उभा आहे. शासनाने स्वतः भाड्याची घरे उभारण्याचा प्रयत्नही केला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाडेतत्त्वावरील घरांची योजना आखली होती, मात्र पुढे तिचे परवडणाऱ्या घरांच्या योजनेत रूपांतर झाले. परिणामी भाड्याच्या घरांचा पुरवठा आजही प्रामुख्याने एक-दोन घरे बाळगणाऱ्या खासगी कुटुंबांच्याच हाती आहे.

खडवलीत भाडेकरू कोण

नवखा गुंतवणूकदार बहुधा घराच्या किमतीपासून सुरुवात करतो. दीर्घकालीन भाड्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेगळा असतो: या ठिकाणी भाड्याने कोण राहील, किती काळ राहील आणि त्याच्या उत्पन्नातून किती भाडे निघेल? शेजारची दोन स्थानके ताडून पाहिली तर या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. टिटवाळा महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि मुंबईहून येणाऱ्या अनेक लोकल गाड्या तेथेच संपतात, त्यामुळे टिटवाळ्याच्या प्रवाशाला गाड्या अधिक मिळतात आणि सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यताही राहते. खडवलीला केवळ आसनगाव आणि कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांवर अवलंबून राहावे लागते. अंतरात फरक एका स्थानकाचा असला, तरी रोज ठाण्याला किंवा दादरला जाणाऱ्या भाडेकरूच्या लेखी तो फार मोठा ठरतो, आणि घर विकत घेणाऱ्याला स्वस्ताईच्या मोबदल्यात जो त्रास चालतो तो भाडेकरू सहसा सोसत नाही, कारण थोडे अधिक भाडे देऊन एक स्थानक अलीकडे सरकणे त्याला शक्य असते.

खडवलीतील संभाव्य भाडेकरू म्हणूनच मुंबईत शोधण्यापेक्षा आसपासच्या रोजगारात शोधावा लागतो. परिसरातील शाळांचे शिक्षक, आरोग्य सेवेतील व रेल्वेतील कर्मचारी, वासिंदच्या पोलाद कारखान्यातील कामगार, पडघा–भिवंडी पट्ट्यातील गोदामांत काम करणारे तरुण आणि कल्याणात दुकान किंवा कार्यालयात नोकरी करणारी नवी कुटुंबे हे त्यातील मुख्य गट होत. नागपूरला मुंबईशी जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि आमणे भिवंडी तालुक्यात असल्याने गोदाम व्यवसायाचे वजन या बाजूला वाढण्याची अपेक्षा आहे. तथापि महामार्गामुळे जमिनीचा भाव चढणे आणि घरभाडे वाढणे या दोन गोष्टी एका वेगाने घडत नाहीत. जमिनीचा भाव भविष्याच्या अपेक्षेवर ठरतो, तर भाडे आज तेथे काम करणाऱ्या माणसाच्या मासिक मिळकतीवर ठरते, आणि गोदामातील मजुरी ज्या मर्यादेत असते तीच भाड्याची वरची मर्यादा होते.

स्थळाची निवडही याच दृष्टीने करावी लागते. स्थानकापासून पायी जाता येईल असे अंतर, रात्री उशिरा परतणाऱ्यासाठी उजेडाचा रस्ता, उन्हाळ्यातही टिकणारा पाणीपुरवठा आणि जवळ शाळा व दवाखाना या चार बाबी भाडे टिकवतात. नदीकाठचे दृश्य जाहिरातीत आकर्षक दिसते, परंतु भातसेच्या काठावर पूररेषेची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे. पूररेषा म्हणजे ठरावीक वर्षांच्या वारंवारितेने येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचू शकते ती जलसंपदा विभागाने आखलेली मर्यादा. यातील निळ्या रेषेच्या आतील क्षेत्रात बांधकामाला मनाई असते, तर निळ्या व लाल रेषांमधील बांधकामावर निर्बंध असतात.

परताव्याचे गणित

भाड्याच्या गुंतवणुकीत ढोबळ परतावा आणि निव्वळ परतावा यांत भेद करणे आवश्यक आहे. वर्षाचे पूर्ण भाडे भागिले घराची किंमत म्हणजे ढोबळ परतावा, तर रिकामे महिने व सर्व खर्च वजा करून उरलेले उत्पन्न भागिले एकूण गुंतलेली रक्कम म्हणजे निव्वळ परतावा. केवळ उदाहरण म्हणून २५ लाख रुपयांचे घर घेऊ. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी अडीच लाख धरले, तर एकूण गुंतवणूक साडेसत्तावीस लाख होते. दरमहा ८,००० रुपये भाडे धरले, तर ढोबळ परतावा ३.८४ टक्के दिसतो. प्रत्यक्षात वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती येणारे भाडे ८८,००० रुपये असते. त्यातून मेंटेनन्सचे १८,०००, घरपट्टीचे ४,०००, रंगरंगोटी व दुरुस्तीचे ८,०००, दलालीचे सरासरी ४,००० आणि करारनोंदणी व विम्याचे २,००० असे एकूण ३६,००० रुपये वजा केले, की ५२,००० उरतात आणि निव्वळ परतावा १.९ टक्क्यांवर येतो. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक व्याज देते, म्हणून अशा गुंतवणुकीचे समर्थन केवळ भाड्यावर होऊ शकत नाही; कालांतराने भाड्यात आणि किमतीत होणारी वाढ त्यात गृहीत धरावी लागते, आणि किमतीतील वाढीची हमी कोणी देऊ शकत नाही.

कर्ज घेतल्यावर हे चित्र अधिक कठीण होते. पंधरा लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १३,००० रुपये होतो, म्हणजे वर्षाला १,५६,००० रुपये. निव्वळ भाडे ५२,००० असल्यामुळे उरलेले सुमारे एक लाख चार हजार रुपये मालकाला दरवर्षी स्वतःच्या पगारातून घालावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे विक्री प्रतिनिधीचे वाक्य महानगराच्या या बाह्य पट्ट्यात म्हणूनच विश्वासार्ह ठरत नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेचे नियम घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्जाला मुभा देतात. पण बँक जितके देते तितके घेणे आणि भाडेकरू नसतानाही पेलेल तितकेच घेणे यांतील दुसरा मार्ग गुंतवणूकदाराने पत्करावा. किमान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे बाजूला ठेवल्याशिवाय खरेदीला हात घालू नये, कारण भाडेकरू निघून गेला, तरी हप्त्याची तारीख टळत नाही.

जमीन, परवानगी आणि मालकी

ग्रामपंचायत क्षेत्रातील घर घेताना सर्वांत मोठा धोका कागदपत्रांचा असतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानगीही नाही, तरीही त्याच्याच आधारे चाळीतील खोल्या व लहान इमारतींतील सदनिका विकल्या जातात. जमिनीची मालकी सातबारा उतारा, फेरफार नोंदी आणि नोंदणीकृत दस्त यांवरून पडताळावी लागते आणि निदान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेण्याची रीत आहे. शेतजमिनीवर घरे बांधण्यासाठी ती बिगरशेती झालेली असली पाहिजे. गावठाणाबाहेरील बांधकामाची मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालय व नगररचना विभाग यांच्याकडून किंवा त्या क्षेत्रासाठी नेमलेल्या नियोजन प्राधिकरणाकडून यावी लागते. सरपंचाच्या ना-हरकत पत्राने ती उणीव भरून निघत नाही.

या परिसरात आणखी दोन बाबी बारकाईने पाहाव्या लागतात. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध असतात आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते. आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कडक निर्बंध असून शासकीय परवानगीवाचून झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. ठाणे जिल्ह्यात वारली, कातकरी आणि ठाकूर समाजांची मोठी वस्ती असल्याने या तरतुदीला केवळ तांत्रिक अडथळा मानणे योग्य होणार नाही. दुर्बलांच्या हातातील शेवटचे साधन टिकावे यासाठी ती केलेली आहे, आणि तिला बगल देऊन उभ्या केलेल्या घरावर भाडे कमावणे कायद्याने धोक्याचे आणि नीतीने अयोग्य आहे.

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये आला आणि महारेराचे, म्हणजे त्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे, काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी त्यानुसार बंधनकारक आहे, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या क्षेत्रावर, करावी लागते. तथापि नोंदणी क्रमांक असणे पुरेसे नाही, हे कल्याण-डोंबिवलीनेच दाखवून दिले आहे. महानगरपालिकेची बनावट बांधकाम परवानगी सादर करून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला, तेव्हा कर्ज काढून घर घेतलेल्या शेकडो कुटुंबांपुढे बेघर होण्याची वेळ आली. परवानगीचे पत्र ज्या कार्यालयाने दिल्याचे सांगितले जाते त्याच कार्यालयात जाऊन ते पडताळणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. नव्या गुंतवणूकदाराने शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घ्यावे. अशा घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि भाडेही लगेच सुरू होऊ शकते.

करार, कर आणि गृहनिर्माण संस्था

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा महाराष्ट्रात रूढ असलेला गैरसमज आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या पट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सूट असल्याने ही समजूत पसरली. परंतु १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे व ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट कलम २४ नुसार मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लिव्ह अँड लायसन्स करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवरील दहा टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते. तीन वर्षांसाठी ८,००० रुपये भाडे व २५,००० अनामत असल्यास हे शुल्क सातशे-आठशे रुपयांच्या आसपास येते. ग्रामीण भागातील नोंदणी फी शहरापेक्षा कमी असून नोंदणी ऑनलाइनही करता येते. इतक्या अल्प खर्चात मिळणारे संरक्षण सोडून देण्याला समर्थन नाही.

भाड्याच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर मोजताना मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्षात किती झाला हे विचारले जात नाही. त्यानंतर कर्जावरील व्याज वजा होते. वरील उदाहरणात ८८,००० मधून घरपट्टी व सरसकट वजावट जाऊन ५८,८०० उरतात आणि पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १,२६,००० असल्याने ६७,००० रुपयांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत असा तोटा दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत मात्र ती सवलत नाही. कर वाचवण्यासाठी कर्ज काढून घर घ्यावे, हा सल्ला म्हणून आता जपून ऐकावा लागतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर असल्यास ते भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला आणि कराराची प्रत संस्थेला देणे ही कामे मालकानेच वेळेवर करावयाची असतात.

घरमालकाची कर्तव्ये

दीर्घकालीन गुंतवणुकीतील एक मोठा खर्च घर रिकामे राहण्याचा असतो आणि तो टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चांगला भाडेकरू टिकवणे. वरील उदाहरणात एक रिकामा महिना आणि नवी दलाली यांत वर्षाच्या भाड्याचा मोठा हिस्सा जातो. म्हणून वेळेवर भाडे देणाऱ्या कुटुंबाला वर्षाअखेरीस बाजारभावाहून थोडे कमी वाढवून ठेवून घेण्यात मालकाचाच फायदा असतो. घर राहण्याजोगे ठेवणे, गळती वेळेवर थांबवणे, घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे आणि अनामत हिशेबासह परत करणे ही कर्तव्ये कायद्याने व व्यवहाराने दोन्ही बाजूंनी आवश्यक आहेत. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्यास भाडे नियंत्रण कायद्याने मनाई आहे. जात, धर्म, आहार किंवा एकट्या स्त्रीचे राहणे यांवरून घर नाकारण्याची सवय शहरांत बोकाळली आहे. ती अन्यायकारक तर आहेच, शिवाय खडवलीसारख्या मर्यादित बाजारात ती मालकाचे ग्राहकही कमी करते. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात पिढ्यानपिढ्या सन्मानाने राहतात, कारण तेथे कायदा आणि घरमालक दोघांनीही भाडेकरूला तात्पुरता उपरा मानलेले नाही.

निष्कर्ष

उपलब्ध माहितीचा एकत्रित विचार केल्यास खडवली परिसरात भाड्यासाठी घर घेणे हा चुकीचा निर्णय नाही, मात्र तो अल्पकाळात उत्पन्न देणारा निर्णयही नाही. येथील किंमत कमी असली तरी भाडेही कमी आहे, भाडेकरूंचा गट स्थानिक रोजगारावर अवलंबून आहे आणि कागदपत्रांतील जोखीम महानगरपालिका क्षेत्राहून अधिक आहे. ज्याच्याकडे स्वतःचे राहते घर आहे, ज्याचे कर्ज भाड्यावाचूनही फिटू शकते आणि जो किमान दहा-पंधरा वर्षे थांबू शकतो त्यानेच हा मार्ग धरावा. निवृत्तीची सर्व रक्कम येथे गुंतवून मासिक खर्च भाड्यातून भागवण्याची योजना आखणाऱ्याने ती सोडून द्यावी. पहिल्या घरापूर्वी एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या ठिकाणची पाण्याची व रस्त्याची स्थिती पाहावी, तेथे सध्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांशी बोलून खरे भाडे जाणून घ्यावे, तलाठी, नगररचना आणि दुय्यम निबंधक यांच्या कार्यालयांत प्रत्येक कागद स्वतः पडताळावा आणि या सर्वांतून खात्री पटली तरच इसारा द्यावा.